मधल्या खोलीतले खडूचे गोल

१

आधीच सांगतो, शुद्धलेखनाच्या चुका असतील. ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं कधी जमलं नाही. शाळा आठवीतच सुटली, आणि त्यानंतर हातात पेनापेक्षा हातोडीच जास्त राहिली. शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल माफी असावी. गोष्ट हरिओमची आहे. तो चार माणसांत बोलायला लाजतो, म्हणून त्याच्या वतीनं मी लिहितो. त्याच्या मनातलं मला कसं ठाऊक, असं कोणी विचारू नये.

हरिओम सेंट्रिंगचं काम करतो. स्लॅब टाकायच्या आधी खाली फळ्या आणि टेकू लावायचे, स्लॅब पक्का झाला की ते काढायचे, असं ते काम. चिखलीहून धाडकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका गावाच्या कडेला त्याचं घर आहे. पुढे ओसरी, मग मधली खोली, मागे स्वयंपाकघर. एकामागे एक अशा तिन्ही जागांवर एकच सलग स्लॅब. तीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी बांधून घेतलेलं घर. वडील आता नाहीत. घरात तो, त्याची आई आशाबाई आणि बायको पुष्पांजली. पुष्पांजली बाळंतपणासाठी धाडला माहेरी गेली होती. तिला मुलगी झाली. सव्वा महिना भरला की एका बुधवारी मायलेकी घरी येणार होत्या.

त्याच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी घरांची पाहणी करणाऱ्या मॅडम आल्या. पावसाळ्याआधी जुने स्लॅब तपासत त्या गावोगाव फिरत होत्या. अनुपमा मॅडम म्हणून इंजिनिअर होत्या, वयानं हरिओमएवढ्याच. त्यांनी ओसरी पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, आणि मधल्या खोलीत स्टुलावर चढून छोट्या हातोडीनं स्लॅब खालून ठोकायला लागल्या. हे ठोकणं हरिओमला नवीन नव्हतं. भरीव जागेवर हातोडी टण् करून उडते. सिमेंट आतून सुटलं असलं की आवाज बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. ओसरीकडच्या दारापाशी आवाज बद्द आला.

मॅडमनी हरिओमलाही ठोकून पाहायला लावलं. त्यालाही तो स्पष्ट ऐकू आला. मग त्यांनी पोकळ जागेच्या कडेकडेनं ठोकत खडूनं एक लांबट गोल काढला. कागदावर लिहून दिलं की मधल्या खोलीचा स्लॅब धोक्याचा आहे, लगेच टेकू लावावेत, पोकळ भाग फोडून पुन्हा भरावा आणि तोवर खाली कोणी झोपू नये.

"लहान बाळ येणार आहे ना?" कोपऱ्यात उभा करून ठेवलेला पाळणा पाहून त्या म्हणाल्या. "मग दुरुस्ती झाल्यावरच आणा."

पाळणा टांगायच्या दोन कड्या मधल्या खोलीच्याच स्लॅबमध्ये होत्या. हरिओम स्वतः याच कड्यांखाली झोपून मोठा झाला होता. स्वयंपाकघरात चुलीचा धूर असायचा आणि ओसरीला एक बाजू उघडी. बाळाला ठेवायला घरात तीच एक खोली होती.

आठ दिवस होते. हरिओमनं मनात हिशेब केला: दोन दिवस टेकूचे, दोन फोडायचे, एक भरायचा. काम त्याच्या रोजच्या हातातलं होतं. त्याला भीती अशी वाटलीच नाही.

२

मंगळवारी त्यानं सहा टेकू आणले. प्रत्येकाच्या बुडाशी लाकडाची पाचर असते. ती ठोकत गेलं की टेकू वर चढतो आणि स्लॅबला घट्ट बसतो. सहाही टेकू त्यानं बसवले. काम संपलं की शेवटच्या जागेवर तीन ठोके मारायचे, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. टक, टक, टक, म्हणजे झालं, आता हात लावायचा नाही. हरिओमला सगळ्यात जास्त काळजी पाळण्याच्या कड्यांची होती. म्हणून त्यानं सगळं तपासून झाल्यावर कड्यांशेजारी हातोडीनं तीन ठोके मारले. आवाज टण्, टण्, टण् आला. बरं वाटलं.

बुधवारी सकाळी तो छिन्नी घेऊन फोडायला उभा राहिला. आधी सवयीनं गोलाच्या मधोमध ठोकलं.

टण्.

त्यानं पुन्हा ठोकलं, मग गोलभर ठोकलं. सगळीकडे भरीव, कालच टाकलेल्या कोब्यासारखं. त्याला वाटलं, आपण टेकू लावले म्हणून सुटलेला थर वर दाबला गेला असेल. पण तसं होत नाही, हे त्यालाच ठाऊक होतं. सुटलेलं सिमेंट चिकटत नसतं. तो तसाच विचार करत हात दोन हात पुढे ठोकत गेला, आणि खोलीच्या आत, पहिल्या गोलापासून हातभर अंतरावर, आवाज बद्द झाला.

मॅडम चुकल्या असतील? पण परवा तर त्यानं स्वतः ठोकून ऐकलं होतं. खडू चुकला असेल? खडूची रेघ जिथल्या तिथं होती, तिच्या एका कडेला मॅडमच्या बोटाचा ठसासुद्धा होता.

कामावर काँक्रीट दाबायचं यंत्र चालवून चालवून हरिओमच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं. म्हणून त्यानं आईला हाक मारली आणि दोन्ही जागी ठोकून दाखवलं. आईनं मान वर करून ऐकलं आणि नव्या जागेकडे बोट केलं.

"हे बद्द वाजते, मडक्यावाणी. पहिलं तं चांगलं आहे की."

कान बरोबर होता. मग हरिओमनं नव्या जागेभोवती खडूनं दुसरा गोल काढला. फोडायचं राहिलंच. उरलेला दिवस त्यानं सगळा स्लॅब ठोकून पाहण्यात घालवला आणि शेवटी सवयीप्रमाणे कड्यांपाशी तीन ठोके मारून खाली उतरला.

३

गुरुवारी तिसरा गोल, शुक्रवारी चौथा.

हे कोणाला सांगायचं म्हणजे आपण वेडे ठरायचो, असं त्याला वाटलं, म्हणून तो मोजमाप घेत राहिला. टेप लावला. प्रत्येक गोलाची लांबी सव्वापाच फूट. रुंदी एका टोकाला दीड फूट, दुसऱ्या टोकाला निम्मी. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तेवढेच. खडूच्या चारही रेघा एकाच फर्म्यात काढाव्यात तशा. नुसती दिशा थोडी थोडी वळलेली.

मग त्यानं स्लॅबची जाडी मोजली. स्वयंपाकघरात नळाच्या पाइपासाठी पाडलेलं भोक होतं, त्यातून सळई घालून मोजली. पाच इंच. त्याच्यात लोखंड, गिट्टी, रेती. पाच इंचात काय मावणार? त्यानं स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं की काही नाही, हवा. सुटलेल्या थरामागची हवा. हवा सरकते का? तेवढं त्याला आलं नाही. आठवीपर्यंत शिकवलं असलं तर तो त्या दिवशी शाळेत नसावा.

टेकूंचंही काही कळेना. सहातले चार सैल पडले होते, हातानं हलत होते. पण चौथ्या गोलाखालचे दोन इतके घट्ट झाले होते की त्यांच्या पाचरा हातोडीनं निघेनात. एकाची पाचर तर दबून चेपली होती. टेकूवर बोटानं टिचकी मारली तर तो ताणलेल्या तारेसारखा वाजायचा. म्हणजे वजन होतं. स्लॅबचं सगळं वजन एकाच जागी येऊन बसावं तसं.

त्याच दुपारी आई स्लॅबवरून ओरडली. मे महिना, तिनं वर धोतरावर कुरडया घातल्या होत्या. दुपारी तीनच्या उन्हात सगळ्या कडकडीत वाळलेल्या, आणि मधला एक पट्टा ओलाच.

"हऱ्या, एवढाच भाग काऊन ओला राह्यला रे? सावली तं कशाचीच नाही इथं."

हरिओम अनवाणी वर गेला. स्लॅब इतका तापला होता की तळवे उचलत चालावं लागत होतं. त्या पट्ट्यावर पाय पडला आणि तो थांबला. थंड होतं. माठाच्या बुडासारखं थंड. त्यानं पायानंच चाचपत त्या थंडाव्याची कड शोधली. सव्वापाच फूट. टेप लावायची गरज पडली नाही.

आईला त्यानं सांगितलं, टाकीचं पाणी झिरपत असेल. टाकी दुसऱ्या टोकाला होती. आईनं टाकीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ओल्या कुरडया उचलून दुसरीकडे घातल्या.

४

शनिवारी पाचवा गोल निघाला. त्याचं रुंद टोक पाळण्याच्या कडीपासून वीतभर राहिलं होतं.

हरिओमनं पुष्पांजलीला फोन लावला. बोलायचं काय ते त्यानं मनात दहा वेळा घोकलं होतं, पण तिनं आधी मुलीचंच सांगायला सुरुवात केली. ती आता हसते म्हणे, मामाकडे पाहून तर जास्तच. बुधवारी सकाळी सागर, म्हणजे पुष्पांजलीचा भाऊ, गाडी घेऊन त्यांना पोचवणार होता. पेढ्यांचंसुद्धा सांगून झालं होतं.

"अजून आठ दिवस थांबता येईन का?" हरिओमनं विचारलं.

"काऊन?"

"घरचा स्लॅब खराब निघाला. काम चालू आहे."

"दुसऱ्याचे स्लॅब तं तुम्ही चार दिवसांत उभे करता. घरच्याले आठ दिवस?"

पोकळी रोज सरकते, असं बायकोला फोनवर कसं सांगणार? तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याचा तिनं भलताच अर्थ लावला. तिचा आवाज खाली आला.

"खरं सांगा. पोरगी झाली म्हणून तं नाही ना?"

"नाही," तो म्हणाला. "नाही, नाही. तसं नाही." तो इतक्या वेळा नाही म्हणाला की त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. फोनमध्ये मागे कुठंतरी मुलगी रडत होती.

"बुधवारी ये," तो म्हणाला. "मी सगळं करून ठेवतो."

आता मागे फिरायला जागा राहिली नव्हती.

५

रविवारी त्यानं अब्दुल गनी चाचांना आणलं. हरिओमला हातोडी धरायला शिकवणारे उस्ताद ते हेच. सत्तरी गाठलेला माणूस, अख्ख्या तालुक्यात त्यांनी बांधलेली घरं. आता गुडघ्यांमुळे काम सोडलं होतं. गोलांची रांग पाहून ते हसले.

"हे काय बे, रांगोळी काढून राह्यला का?"

हरिओमनं सांगितलं. जसं जमलं तसं, अडखळत. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की सिमेंटचं काम आहे, सिमेंटवाणीच करायचं. पोकळ आहे ना, मग फोडा. ते स्टुलावर चढले. पाचव्या गोलात ठोकलं. बद्द. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि छिन्नी लावली.

दोघांनी आळीपाळीनं फोडलं. प्लॅस्टर गेलं, मग काँक्रीट. सुटलेला थर काही लागेना. इंचभर खोल गेले, दीड इंच गेले. गिट्टी घट्ट, रेती घट्ट, आणि आत लोखंड दिसलं ते निळसर, गंजाचा ठिपका नाही. असं काँक्रीट पाहिलं की मिस्त्री लोक त्यावरून हात फिरवतात. फिरवण्यासारखंच होतं. आणि तरीही छिन्नीखाली आवाज येत होता तो बद्दच.

चाचा थांबले. त्यांनी घाम पुसला. दोन्ही आवाज शेजारी शेजारी ऐकून पाहावेत म्हणून की काय, त्यांनी एक हात लांब करून ओसरीच्या बाजूला भरीव जागेवर ठोकलं, आपल्या सवयीप्रमाणे तीनदा. टण्, टण्, टण्. आणि तिथंच स्लॅबला तळहात टेकवून ते गुडघ्याला जरा आराम देत उभे राहिले.

"आता तू खड्ड्यात ठोक," ते म्हणाले.

हरिओमनं ठोकलं. टण्. भरीव.

त्यानं चाचांकडे पाहिलं. चाचा त्याच्याकडे पाहत नव्हते. त्यांचा तळहात अजून स्लॅबला टेकलेला होता, आणि ते कोणी नाडी पाहावी तसे मान वाकडी करून उभे होते. मग त्यांनी हात हळूच काढून घेतला. तळवा उलटा करून पाहिला, लुंगीला पुसला, पुन्हा पाहिला.

ते खाली उतरले. आईनं चहा आणला तर नको म्हणाले. गेल्या दहा वर्षांत त्यांनी या घरचा चहा नाकारल्याचं हरिओमला आठवत नव्हतं.

"तू रोज ठोकून पाह्यतं का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हाव."

"सगळ्यात शेवटी कुठं ठोकतं?"

हरिओमनं कड्यांकडे बोट केलं.

"तीनदा?"

"तुम्हीच शिकवलं, चाचा."

चाचांनी मान खाली घातली. आपल्या हातोडीकडे ते असं पाहत राहिले की जणू ती दुसऱ्या कोणाची आहे. "मी तं सगळ्याइलेच शिकवलं, बेटा," एवढंच ते म्हणाले. त्यांना घरी सोडायला हरिओम गाडी काढत होता, तर ते पायीच निघाले. गुडघे दुखत असताना.

६

हरिओमनं सोमवार विचारात घालवला. हातानं काम चालूच होतं. पाडलेला खड्डा त्यानं सिमेंट-रेतीच्या मसाल्यानं भरला, घोटून सारखा केला. पण डोळा पुन्हा पुन्हा गोलांवर जात होता. पहिला दारापाशी, आणि मग एकेक करत थेट कड्यांकडे. ते सरळ चालत आलं होतं. दुसरीकडे कुठंच गेलं नव्हतं. त्यानं, आणि काल चाचांनी, तीन ठोके मारून जिथं बोलावलं तिथंच आलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

ते म्हणजे काय, हा विचार त्यानं केला नाही असं नाही. केला, पण तो विचार पाच इंचांपाशी येऊन थांबायचा. पाच इंचात कोणी मावत नाही, म्हणजे कोणी नाही. कोणी नाही तर मग ऐकतं कोण? इथं त्याचं डोकं गरगरायचं आणि तो उठून पाणी प्यायचा.

एक गोष्ट मात्र त्याला स्वच्छ दिसत होती. बोलावल्यावर येतं, तर बोलावून बाहेरही नेता येईल. स्लॅब सलग होता. मधली खोली, मग तुळईवरून पलीकडे ओसरी. ओसरीच्या पुढे स्लॅब संपतो आणि अंगण लागतं. तिथवर न्यायचं. तिथून पुढे ते कुठं जाईल? हे त्यानं स्वतःला विचारायला हवं होतं. पण बुधवार तोंडावर आला होता, आणि मुलगी कड्यांखाली झोपणार नाही एवढंच त्याला हवं होतं.

मंगळवारी सकाळी त्यानं आईला शेजारी सरस्वतीबाईंकडे शेवया करायला पाठवलं. मग स्टूल घेतलं. चाचांनी ठोकलेल्या जागेपासून दीड हात पुढे, ओसरीच्या दिशेनं, तीन ठोके मारले आणि थांबला. मनात शंभर अंक मोजले. मागच्या जागी ठोकलं, भरीव. पुढच्या जागी ठोकलं, बद्द.

असा तो दिवसभर चालला. तीन ठोके, थांबायचं, पाहायचं, स्टूल पुढे. तुळईपाशी ते अडलं. तिथं त्याला तीन तीन ठोके सात वेळा मारावे लागले. सातव्या वेळी तुळईखालचा टेकू करकरला, पाचर एकदम दबली, आणि मग सैल पडून खाली घरंगळली. वजन पलीकडे गेलं होतं.

सैल पडलेल्यांतला एक टेकू त्यानं ओसरीत आणून लावला होता, अगदी टोकाला. चार वाजता तो त्या टोकापाशी पोचला. पुढे स्लॅबची कड, तिच्यापलीकडे ऊन आणि अंगणातलं लिंबाचं झाड. त्यानं कडेवर शेवटचे तीन ठोके मारले. टक, टक, टक.

वरून बारीक रेती गळायला लागली. ती कडेच्या सरळ रेषेत गळत होती, सव्वापाच फूट लांब, आणि ती रेष हळूहळू आखडत गेली, कोणी लांब झालेलं अंग आवळून घ्यावं तशी. शेवटी रेती एकाच जागेतून गळत राहिली, हरिओमच्या डोक्यावर. त्याला वर पाहायचं होतं. मान वर झाली नाही. टेकूची पाचर सुटली. तो घाईनं स्टुलावरून उतरायला गेला, स्टूल हललं आणि हातोडीचा दांडा त्याच्या छातीवर आपटला. एकदा, आणि तोल सावरताना अजून दोनदा. फार लागलं नाही.

रेती गळायची थांबली होती.

त्यानं ओसरीचा सगळा स्लॅब ठोकून पाहिला. मग मधली खोली, कड्यांच्या भोवती, मग स्वयंपाकघर. टण्, टण्, टण्. कुठंच बद्द नाही. स्लॅबवर जाऊन अनवाणी फिरला. सगळीकडे सारखाच चटका. गेलं. हरिओमला इतकं हलकं वाटलं की तो वरच बसून एकटाच हसला. अंग अगदी हलकं वाटत होतं, पीस झाल्यासारखं.

७

संध्याकाळी आई आली तेव्हा तो गोल पुसत होता. तिनं सगळं घर पाहिलं, टेकू काढलेले पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर आठ दिवसांनी हसू आलं. हरिओमनं तीन भाकरी आणि झुणका खाल्ला. इतकी भूक त्याला कधी लागली नव्हती.

जेवण झाल्यावर आईनं त्याची पाठ पाहिली. सिमेंटची धूळ, रेती, सगळं चिकटलेलं.

"काय अवतार करून ठेवला. इकडे हो."

लहानपणी झटकायची तशी ती तळहातानं त्याची पाठ झटकायला लागली.

पहिली थाप पडली आणि तिचा हात हवेतच थांबला.

हरिओमनं तो आवाज ऐकला. गेले आठ दिवस तो दुसरं काही ऐकतच नव्हता. पण पाठीला कान नसतात, ऐकण्यात चूक होऊ शकते, असं तो स्वतःशी म्हणाला. आईनं दुसरी थाप मारली, हळूच, खांद्याच्या खाली. मग ती म्हणाली:

"दिवसभर काही खाल्लं नाही का रे? रिकाम्या पोटावाणी वाजते."

"आत्ताच तं जेवलो," हरिओम म्हणाला.

"हाव की," आई म्हणाली. "आत्ताच जेवला."

तिनं हात पदराला पुसला आणि भांडी घेऊन आत गेली. हरिओम ओसरीतच बसून राहिला. छातीवर हात ठेवायचं धाडस त्याला झालं नाही. हवा खूप गरम होती, आणि त्याला मात्र थंडी वाजत होती, उजव्या कुशीपासून खाली, एका पट्ट्यात.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिओम लवकर उठला. त्यानं मधली खोली धुतली. पाळणा टांगला आणि दोन्ही कड्यांना स्वतःच्या हातांनी लोंबकळून पाहिलं. कड्या हलल्यासुद्धा नाहीत. पाळण्यात त्यानं आईच्या जुन्या लुगड्याची घडी अंथरली. मग दोन कपडे पिशवीत भरून आईला सांगितलं की मेहकरला एका ठेकेदाराकडे मोठ्या स्लॅबचं काम निघालंय, आजच जायला लागतं, किती दिवस ते सांगता येत नाही. आईनं "पोरीले पाहून तरी जाय" एवढंच म्हटलं. मेहकरला कसलंच काम नव्हतं. हातोडी त्यानं सोबत घेतली नाही.

साडेआठला सागरची गाडी आली. आईनं मायलेकींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पुष्पांजली आत जाऊन सगळा स्लॅब मान वर करून पाहून आली, आणि हरिओमसमोर उभी राहिली. तिला फोनवरचं बोलणं विसरायचं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"चांगलं केलं काम," ती म्हणाली. "मी भलतंच बोलली. घ्या, तुमची पोरगी."

तिनं मुलीला पुढे केलं. एवढ्या लहान लेकराला घ्यायचं म्हणजे ते छातीशी धरावं लागतं. त्याचं डोकं, त्याचा कान आपल्या छातीला लागतो.

"हात सिमेंटचे आहेत," हरिओम म्हणाला.

पुष्पांजलीनं त्याचे हात पाहिले. ते धुतलेले होते, स्वच्छ होते. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला, शनिवारी फोनवर तिचा आवाज मिटला होता तसाच. मग ती वळली आणि मुलीला घेऊन आत गेली. हरिओमला तिला हाक मारायची होती. काय सांगायचं तेही त्याला ठाऊक होतं. पण ते कोणत्या शब्दांत सांगतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

तो पिशवी घेऊन अंगणात उतरला. आत मुलगी रडायला लागली. पाळण्याची दोरी ओढल्याचा आवाज आला, तरी ती राहीना. मग आईनं, सगळ्या आया करतात तसं, पाळण्याच्या लाकडावर बोटांनी ताल धरला.

टक, टक, टक.

हरिओमचा उजवा पाय घराकडे वळला. त्यानं तो वळवला नव्हता. आत, बरगड्यांच्या मागे, काहीतरी अंग ताणून लांब होत होतं, आणि त्या आवाजाकडे तोंड करत होतं.

टक, टक, टक.

त्यानं पिशवी पोटाशी दाबून धरली, पाय उपटून काढावा तसा उचलला आणि रस्त्याकडे पळत सुटला. मागून सागर काय झालं म्हणून विचारत होता. हरिओम थांबला नाही. गाडीचा थांबा मागे गेला, शेवटचं घर मागे गेलं, तरी तो पळतच राहिला, ठोके ऐकू येईनासे होईपर्यंत.